वेलांटी आधी की अक्षर आधी?

पत्र

सप्रेम नमस्कार.

कराडजवळच्या गावात माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. वय ५६. १९८७ साली टाइपरायटर मशीनवर मराठीची मिनिटाला ३० शब्दांची आणि पुढे ४० ची परीक्षा दिली, तेव्हापासून बोटं त्याच बटणांवर आहेत. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रियेची कार्डं, ग्रामपंचायतीचे अर्ज असं काम असतं. कॉम्प्युटर २०१६ चा, विंडोज १०. हल्ली पडद्यावर सारखी सूचना येते की याची मुदत संपली. दुकानदार म्हणतो, ११ यावर चढणार नाही. थोरला पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, ‘आई, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो, फुकट आहे आणि व्हायरसची भीती नाही.’ मुलगी बेंगळुरूला. ती म्हणते, ‘अॅपलचा मॅक घे, कटकटच मिटेल.’ दिवाळीत दोघांची यावरून अशी जुंपली की फराळ तसाच राहिला. मुलानं मला न विचारता पडदा काळा (डार्क मोड) करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो पांढरा केला, तर रुसला. म्हणाला, ‘तुला नवीन काही नकोच असतं.’ खरं सांगायचं तर मला जुनंच बरं वाटतं. स्टार्टचं बटण मला डाव्या कोपऱ्यातच लागतं. हा हट्ट आहे का? आणि मी आता काय घेऊ?

— एक वाचक, जि. सातारा

उत्तर

ताई, मुलाचा फोन आला की त्याला एवढंच विचारा: ‘किरण’ लिहिताना तू आधी काय दाबतोस?

तो बहुधा इंग्रजी के दाबत असेल, मग आय. म्हणजे आधी क, मग वेलांटी. तुम्ही आधी वेलांटी दाबता, मग क. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला दुसरं काही सुचणारच नाही. तिथे कागद डावीकडे सरकत जातो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी उमटवायची. ‘सूर्य’ लिहिताना य आधी आणि रफार नंतर, कारण तो डोक्यावर बसतो. ‘ण’ हे एक अक्षर नव्हेच; अर्धा ण आणि मग काना. तुम्ही अक्षर जसं दिसतं तसं रचता, चित्र काढल्यासारखं.

इन्स्क्रिप्ट नावाची सरकारी कीबोर्ड-मांडणी १९८६ साली ठरली, तिचा विचार उलटा आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि क्रम उच्चाराचा. आधी क, मग वेलांटी. ‘सूर्य’मधला र आधी, मग हलन्त, मग य, रफार मशीन स्वतः चढवतं. मांडणी हुशारीची आहे, यात वाद नाही. ‘दऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र काढायलासुद्धा तिच्यात वेगळं बटण आहे. पण ती कानानं लिहिणाऱ्याची मांडणी आहे. तुमची डोळ्यानं लिहिणाऱ्याची. जवळजवळ चाळीस वर्षं जो हात डोळ्याच्या क्रमानं चालला, त्याला एका रविवारी कानाच्या क्रमावर आणणं म्हणजे उजव्या हातानं जेवणाऱ्याला ‘आजपासून डावा’ म्हणण्यासारखं आहे. जेवण होईल हो, पण भात सांडेल.

मी हे सोसलंय. एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, तेव्हा एका सोमवारी आमच्या सगळ्यांची मांडणी बदलली. शनिवारी मिनिटाला चाळीस शब्द करणारी मी, सोमवारी बारावर आले. वाईट वेगाचं वाटलं नाही. अक्षर शोधायला खाली बघावं लागलं की मनातलं वाक्य निसटायचं, त्याचं वाटलं. दोन महिन्यांनी हात बसला. आज मी इन्स्क्रिप्टच वापरते आणि तिचं कौतुकही करते. पण ते दोन महिने कोणी ‘तुला नवीन नकोच असतं’ म्हणालं असतं, तर मी हातातली पट्टी फेकून मारली असती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हट्ट नव्हे. हातात बसलेली विद्या आहे ती, आणि तिच्यावर तुमचं घर चाललंय.

डाव्या कोपऱ्यातल्या बटणाचंही तसंच. ते तुमच्या डोक्यात कोणी बसवलं? मायक्रोसॉफ्टनंच. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात आलं, आणि अख्ख्या जगाचा हात तिकडे वळवला गेला. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून त्यांनी ते काढून टाकलं. एवढी ओरड झाली की २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये आख्खा मेनू परत. पुढे २०२१ ला ११ आलं आणि बटण सरकलं मध्यावर. घर बांधणारेच दर पाच-सात वर्षांनी देवघर हलवत असतील, तर ‘देव कुठे ठेवलेत?’ असं विचारणाऱ्या बाईला मागास म्हणायचं नसतं.

मुलाला वाटत असेल की लिनक्सवाले या रागालोभाच्या पलीकडे आहेत. तर त्याला हेही सांगा. २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम नावाच्या पडद्याच्या मांडणीची तिसरी आवृत्ती आली. खालची पट्टी गेली, मेनू गेला, सगळं नवं. खुद्द लिनस टोरवाल्ड्स, ज्यांनी १९९१ साली लिनक्सला सुरुवात केली, ते एवढे वैतागले की जाहीरपणे तिला नावं ठेवून एक्सएफसीई नावाच्या साध्या मांडणीवर निघून गेले. (दोनेक वर्षांनी परत आले, ती गोष्ट वेगळी. रुसवे सगळ्यांचेच फिटतात.) ज्यांना परत यायचंच नव्हतं त्यांनी जुन्या ग्नोमची संहिता घेऊन ‘माटे’ नावाची मांडणी वेगळी काढली, ती आजही चालू आहे. आणि लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, बनवणाऱ्यांनी ‘सिनॅमन’ काढली. तिच्यात मेनू कुठे आहे माहितीये? डाव्या कोपऱ्यात. म्हणजे तुमच्यासारख्या ‘जुनंच बरं’ म्हणणाऱ्या लोकांनी, त्यातही पक्क्या प्रोग्रामर लोकांनी, आपल्या आवडीसाठी अख्खी घरं बांधलीत.

काळ्या पडद्याचं थोडक्यात. रात्री कोड लिहिणाऱ्याला काळं बरं वाटत असेल, वाटू दे. तुमचं काम कागदावर उतरतं, आणि कागद पांढरा असतो. पत्रिकेवर हळदीकुंकवाच्या रंगाची किनार कशी उठेल हे काळ्या पडद्याशेजारी कसं कळणार? मला स्वतःला काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेनं फाटल्यासारखी दिसतात. तुम्ही परत पांढरा केलात ते बरोबर केलंत.

आता मात्र माझा सूर जरा बदलणार आहे, ताई. आवडीनिवडीत तुम्ही राणी. पण विंडोज १० ची मुदत हा आवडीचा प्रश्न नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. मशीन काल चालत होतं तसं उद्याही चालेल, फरक काहीच दिसणार नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. नवीन भोकं सापडत राहतील, ती कोणी बुजवणार नाही. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, दुरुस्त्यांची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली. त्यासाठी त्यांचं खातं उघडून नाव नोंदवावं लागतं. पण ती घरगुती मशीनसाठी आहे आणि मुदतीचीच आहे, दुकान तिच्यावर उभं करू नका. तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं येतात, सातबारे येतात, बँकेचे फॉर्म येतात. शिवाय प्रत्येक गिऱ्हाईक नवरा-नवरीचा फोटो कुठल्या कुठल्या पेनड्राइव्हवर घेऊन येतं. डीटीपीच्या दुकानाइतके परके पेनड्राइव्ह दुसरीकडे कुठे घातले जात असतील असं मला वाटत नाही.

दुकानदार म्हणतो ते खरं आहे. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१६ च्या मशीनमध्ये तो असणार नाही. ‘जुगाड करून चढवून देतो’ म्हणणारे भेटतील. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी देत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

पण घाईनं काही टाकण्याआधी एक गोष्ट बघायची आहे, आणि तुमच्या दोन्ही मुलांच्या भांडणात ती कुठे आलेली दिसत नाही. तुमच्या जुन्या फाइली.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते: पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, जुने मराठी फाँट आहेत, आणि तुमची टाइपरायटरची मांडणी देणारं सॉफ्टवेअर आहे, बहुतेक मागे यूएसबीचं लॉक लावलेलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. अॅडोबीनं त्याच्या जागी इनडिझाइन १९९९ मध्येच आणलं होतं. तरी आपल्याकडे गावोगाव लग्नं अजून पेजमेकरमध्येच लागतात. त्या जुन्या फाँटची गोम अशी की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतात इंग्रजी अक्षरांचे आकडे, त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा. मुखवटा आहे तोवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. दुसऱ्या मशीनवर मुखवटा नसला की त्याच ओळीचं कडबोळं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत ती चुकतात. बदललेली प्रत्येक ओळ वाचावी लागते. ‘चि. सौ. कां.’ चुकलं तर गिऱ्हाईक हसेल. आडनाव चुकलं तर पत्रिका परत येईल आणि कागदाचा खर्च तुमच्या गळ्यात.

मुलगा म्हणेल, वाइनवर पेजमेकर चालवून देतो. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची युक्ती. चालेलही. पण पेजमेकर, जुने फाँट, मराठी कीबोर्डचं सॉफ्टवेअर आणि लॉक, ही चारही एकत्र, लग्नसराईच्या गर्दीत, मुलगा पुण्यात असताना चालली पाहिजेत. मी तरी त्यावर विसंबणार नाही. आणि दुकानात कॅननचा एलबीपी २९०० असेल, निम्म्या महाराष्ट्राच्या दुकानांत असतो, तर त्याचं लिनक्सवर सरळ जोडून भागत नाही. कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. हे मुलाला ठाऊक नसेल, कारण त्याच्या ऑफिसात तो प्रिंटर कधी आलाच नसेल.

मॅकबद्दल फार लिहीत नाही. मशीन सुंदर असतं, मुलीला त्याचं सुख खरंच मिळत असणार. पण खिडकी बंद करायचं बटण डावीकडे, ते दाबलं तरी प्रोग्राम मागे चालूच, कॉपी करायला कंट्रोलच्या जागी कमांड, आणि तुमचं पेजमेकर तर आजच्या मॅकवर चालतच नाही. तुम्हाला सगळं सोडून सगळं शिकावं लागेल, वर पैसेही जास्त. ‘कटकट मिटेल’ हे ज्याची सुरुवातच तिथे झाली त्याचं बोलणं झालं.

मग काय करायचं?

मी तुमच्या जागी असते तर जुनं मशीन मोडीत काढलं नसतं. त्याची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि त्याला फक्त पेजमेकरचं यंत्र करून टाका, जसं एके काळी टाइपरायटर हे फक्त टायपिंगचं यंत्र होतं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्याला कधीही लावायचा नाही. दुसरं एक मशीन घ्या, २०१८ नंतरचं, कंपन्यांनी वापरून काढलेली चांगल्या अवस्थेत मिळतात. घेताना दुकानदाराला ‘विंडोज ११ ला अधिकृत चालतं का’ एवढं लिहून द्यायला सांगा. इंटरनेट, व्हॉट्सअॅप, अर्ज, बँक, परके पेनड्राइव्ह सगळं त्याच्यावर. तिथे तपासून घेतलेला फोटो तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हनं जुन्याकडे न्यायचा. आणि हे सगळं करायच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, फाइली, फाँट आणि सॉफ्टवेअरच्या सीडी यांची नक्कल एका बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती दुकानात न ठेवता घरी कपाटात ठेवा.

नव्या मशीनवर तुमचा कोपरा तुम्हाला परत मिळतो. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेव्हिअर्स. तिथे अलाइनमेंटला ‘लेफ्ट’ करा, स्टार्ट डावीकडे येईल. उजव्या क्लिकचा मेनू अर्धवट दिसेल. शिफ्ट दाबून उजवी क्लिक केलीत तर जुना पूर्ण मेनू उघडतो. बाजूची सरकपट्टी सारखी लपत असेल तर अॅक्सेसिबिलिटीमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे स्क्रोलबार कायम दिसेल असं करता येतं. तिथेच वर टेक्स्ट साइज आहे. छप्पन्नाव्या वर्षी अक्षर मोठं करण्यात कसली लाज? मी तर दीडपट ठेवलंय.

लिनक्सला मी पुरतं बाद करत नाही. जुन्या मशीनवर चार जीबी मेमरी असेल तर मिंट त्यावर बऱ्यापैकी चालतं, आणि तुमच्या मुलाची तळमळ खरी आहे: चांगलं चाललेलं मशीन एका कंपनीच्या तारखेमुळे का फेकायचं? तर पेजमेकरची नवी कामं येणं थांबली, की ते मशीन त्याच्या हवाली करा. पण आज नाही. आज त्याला फक्त एक पेनड्राइव्ह करून आणू द्या. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. ‘इन्स्टॉल’ची खूण पडद्यावर दिसेल, ती दाबायची नाही, हे आधीच बजावून ठेवा. पोरांना ती खूण दिसली की हात शिवशिवतो.

तो पेनड्राइव्ह लावला की खुर्चीत तुम्ही बसायचं, त्यानं नाही. त्यानं मागे उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तुमची मांडणी निवडायला सांगा. ‘जवळपास तीच आहे’ असं म्हणाला तर मानू नका. टाइपरायटरच्या मराठी आणि हिंदी मांडण्यांत थोडीशी बटणं इकडची तिकडे असतात आणि तीच बोटांना ठेच लावतात. मग पत्रिकेचा पहिला मजकूर टाइप करा: वर ‘॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥’, खाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग मुहूर्त, मग स्थळ. ‘शुभविवाह’मधला श आणि ‘लग्न’मधला ल आपल्या मराठी वळणाचे आलेत की हिंदी वळणाचे, ते बघा. पुष्कळ फाँटांत आपणहून हिंदी वळण येतं आणि प्रोग्रामरच्या नजरेला ते दिसत नाही; तुमच्या गिऱ्हाइकाच्या आजीला दिसतं. विंडोजमधला तो ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकारानं केलेला, म्हणून आपल्याला तो निदान परका तरी वाटला नाही.

मुलाच्या रुसव्याचं एक. पडदा काळा करताना त्याला वाटलं असेल, आईचे डोळे जपावे. विचारायचं राहिलं, एवढंच. तुम्ही मात्र पांढरा केलात तेव्हा ‘का’ ते सांगितलंत का त्याला? पुढच्या वेळी एक छापलेली पत्रिका पडद्याशेजारी धरून दाखवा. सॉफ्टवेअरवाल्यांना समजावून सांगितलं तर समजतं, फक्त दाखवावं लागतं.

आणि वेळ नीट निवडा. तुळशीचं लग्न झालं की तुमच्याकडे उसंत नसते. उन्हाळ्यात तर नसतेच. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, तेव्हा त्याला दोन दिवस घरी बोलवा. पेनड्राइव्ह आणि थालीपीठ दोन्ही होईल. मुलीला त्याच वेळी बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.